प्रवासाची चित्रवही

प्रवासाहून परतलेल्या मनुष्याला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : "काय आणलेस?" मग पिशव्या उघडल्या जातात. पोहे, आमसुले, गरम मसाला, हिरव्या बांगड्या, नातवंडांसाठी कपडे यांचे वाटप होते. महिन्याभरात पोहे संपतात, बांगड्या फुटतात, कपडे आखूड होतात. भ्रमणध्वनीत शेकडो छायाचित्रे असतात खरी. परंतु वर्षभराने ती पाहू लागले तर हे घर कोणाचे, ही आजीबाई कोण, हा रस्ता रेवदंड्याचा की चौलचा, हे सांगणारे त्यांजवर काहीच लिहिलेले नसते. प्रवास झाला, पैसा खर्च झाला आणि हाती उरली ती पुसट आठवण, असे अनेक कुटुंबांच्या बाबतीत घडते. यास एक सोपा व स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे प्रवासाची चित्रवही. तिच्यात लिहावे, रेखाटावे, तिकिटे-कागद चिकटवावेत आणि ती घरी जपून ठेवावी. या वहीविषयी वाचकांपुढे काही विचार मांडावे असे योजिले आहे.

प्रवास लिहून ठेवण्याची परंपरा आपल्या कोकणास नवी नाही. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झांशीच्या वेढ्याच्या वेळी ते त्या शहरातच होते. प्रवासात जमविलेले द्रव्य त्यांजजवळ राहिले नाही; परंतु गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांस त्या पाण्याने स्नान घातले. त्यांनी आपली हकीकत लिहून काढली ती सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली 1907 साली. 'माझा प्रवास' हा ग्रंथ आज मराठी भाषेचे भूषण मानला जातो. ज्या मुलखातून आपली पेणकर, रोहेकर, अष्टमकर घराणी आली, त्याच मुलखातील एका सामान्य भिक्षुकाने हे कार्य केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गोडसे भटजींची स्मरणशक्ती असामान्य होती. आपणा सर्वांची तशी नसते. म्हणून आपण पंचवीस वर्षे थांबू नये. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी लिहावे.

लिहिण्याबरोबर चित्र काढल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण एका फ्रेंच चित्रकाराच्या चरित्रात सापडते, आणि योगायोगाने त्या उदाहरणाचा यहुदी समाजाशी निकटचा संबंध आहे.

यूजेन देलाक्रवा हा चित्रकार जानेवारी 1832 मध्ये मोरोक्कोस गेला. फ्रान्सने 1830 साली अल्जीयर्स जिंकल्यावर शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशी बोलणी करण्याकरिता काउंट मोर्ने याच्या नेतृत्वाखाली एक वकिलात पाठविण्यात आली होती. तिच्यासोबत देलाक्रवा होता. त्या काळी छायाचित्रणाची कला अद्याप जगापुढे आलेली नव्हती. त्याने खिशात मावतील अशा लहान वह्या जवळ बाळगल्या. घोड्यावरून उतरता-चढता, तंबूत, रस्त्याच्या कडेला, जेथे सवड मिळेल तेथे तो झरझर रेखाटने करी आणि चित्राच्या बाजूस, कधी चित्राच्या अंगावरच, शब्द लिही : येथे कोणता रंग, तेथे कशी सावली, अंगरखा कसला, वेळ कोणती. टँजियरहून मेकनेसपर्यंतचा प्रवास, 22 मार्च रोजी झालेली सुलतानाची भेट, डोंगर, घोडे, वेशी, हे सर्व त्या पानांवर उतरले. पुढे स्पेनचा काही भाग व अल्जीयर्स पाहून तो जुलैमध्ये तूलाँ बंदरी परतला. तेथे संसर्गाच्या भीतीने प्रवाशांस काही दिवस अलग ठेवीत असत. तो सक्तीचा रिकामा वेळही त्याने प्रवासातील दृश्ये जलरंगात उतरविण्यात घालविला.

मोरोक्कोत त्यास एक अडचण आली. मुसलमान घरांत परपुरुषास प्रवेश नव्हता आणि रस्त्यावर चित्र काढू लागल्यास लोक नापसंती दर्शवीत. अशा वेळी टँजियरच्या यहुद्यांनी त्यास आपल्या घरात घेतले. फ्रेंच वकिलातीचा दुभाषी अब्राहम बेनशिमोल हा यहुदी होता. त्याच्या कुटुंबातील स्त्रियांची चित्रे देलाक्रवाने काढली. 21 फेब्रुवारी 1832 रोजी त्यास एका यहुदी विवाहसमारंभास उपस्थित राहावयास मिळाले. घराच्या चौकात वादक कसे बसले आहेत, भिंतीवर ऊन कोठपर्यंत आले आहे, पाहुणे कोठे दाटीवाटीने उभे आहेत, अशा बारीकसारीक गोष्टी त्याने टिपून ठेवल्या. त्या टिपणांच्या आधारे रंगविलेले 'मोरोक्कोतील यहुदी विवाह' हे चित्र 1841 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. विवाह पाहिल्यास तोवर नऊ वर्षे झाली होती. सुलतानाच्या स्वारीचे भव्य चित्र तर 1845 साली, म्हणजे तेरा वर्षांनी तयार झाले. देलाक्रवा पुन्हा कधीही मोरोक्कोस गेला नाही. काही महिन्यांच्या एकाच प्रवासाची शिदोरी त्यास आयुष्यभर पुरली, ती त्या वह्यांमुळे. वह्यांबरोबर त्याने तेथील वस्त्रे, चामड्याच्या वस्तू, मातीची भांडी, वाद्ये अशा वस्तूही आणल्या होत्या व त्या आपल्या चित्रशाळेत ठेवल्या होत्या. त्या वह्यांपैकी काही आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. एक शांतिई येथील संग्रहालयात आहे.

वाचकहो, दिमोना, अश्दोद, येरुहाम, बेरशेबा येथे आपल्या शेजारी मोरोक्कोहून आलेली किती कुटुंबे राहतात! त्यांच्या मिमुनाच्या रात्री आपण मुफलेटा खाल्ला आहे आणि आपल्या मेहंदीला त्या भगिनी येऊन हात पुढे करून बसल्या आहेत. त्यांच्या पणज्यांचे दागिने कसे होते, लग्नात बैठक कशी असे, हे जाणण्यास आज त्या चित्राचा व त्या वहीचा उपयोग होतो. काढणारा परका होता, त्यास त्यांची भाषाही येत नव्हती. परंतु त्याने पाहिले, आणि पाहिले ते त्याच वेळी कागदावर ठेवले. आपल्या आज्या-पणज्यांच्या नवगाव, किहीम, झिराड येथील घरांत असा कोणी चित्रकार वही घेऊन बसला नाही. तेलाचा घाणा कोणत्या कोपऱ्यात होता, शब्बाथच्या दिव्याची हंडी किती उंचीवर टांगीत, माजघरात पाट कोणत्या भिंतीस लावून ठेवीत, हे ज्यांस ठाऊक होते त्यांतील बहुतेक आपल्यातून गेले. जे राहिले आहेत त्यांना विचारण्यास अद्याप थोडा अवधी आहे. हे काम आपल्याच मुलाबाळांस करावे लागेल.

येथील शाळांत बार-मित्झ्वाच्या वयाच्या सुमारास मुलांकडून 'शोराशिम', म्हणजे कुळाच्या मुळांचा शोध, असा प्रकल्प करवून घेतात. पुष्कळ घरी तो घाईघाईने, आजोबांस एका संध्याकाळी चार प्रश्न विचारून उरकला जातो. त्याऐवजी कुटुंब भारतात जाणार असेल त्या वर्षी मुलाच्या हाती चित्रवही द्यावी. आपल्या आडनावातच नकाशा दडलेला आहे. केहीमकर किहीमचे, चेऊलकर चौलचे, पेझारकर पेझारीचे. वहीच्या पहिल्या पानावर अलिबाग, पेण, रोहा या बाजूचा नकाशा मुलाने स्वतः काढावा आणि आईच्या, वडिलांच्या, दोन्हीकडच्या आज्यांच्या घराण्यांची गावे त्यात तांबड्या पेन्सिलीने दाखवावी. विमानात बसण्यापूर्वीच अर्धा प्रवास घडतो.

आता साहित्याविषयी. वही फार मोठी नसावी. एका हातात धरून उभ्याने लिहिता आले पाहिजे. कागद जाड व कोरा असावा, पुठ्ठा कडक असावा. रेखाटनासाठी मऊ शिशाची पेन्सिल सर्वांत चांगली. शिशाची रेघ उन्हाने फिकी पडत नाही व पाण्याने फुटत नाही. कोकणच्या दमट हवेत हा गुण मोलाचा आहे. कागद चिकटविण्यास पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि कागदावर डाग पाडते. पिठाची खळ लावल्यास तिला कसर लागते. उत्तम मार्ग हा की, वहीच्या पाठच्या पुठ्ठ्यास आतून एक मजबूत पाकीट चिकटवावे व सुटे कागद त्यात ठेवावे. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. हल्ली एस.टी.च्या गाडीत यंत्रातून जे तिकीट मिळते ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदाचे असते. काही महिन्यांत त्यावरील अक्षरे नाहीशी होतात. म्हणून असे तिकीट चिकटविताना त्याखाली मजकूर पेन्सिलीने लिहून काढावा : कोठून, कोठे, किती वाजता, किती रुपये.

क्षुल्लक कागद का जपावेत, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. कैरोच्या जुन्या सिनॅगॉगच्या गेनिझात शेकडो वर्षे टाकलेले कागद 1896-97 साली सोलोमन शेख्तर यांनी केंब्रिजला नेले. त्यांत धर्मग्रंथांची पाने होती तशीच व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेब व सामानाच्या यादीही होत्या. बाराव्या शतकात मलबार किनाऱ्यावर राहून व्यापार करणारा अब्राहम बेन यिजू हा यहुदी आज आपणास ठाऊक आहे तो अशाच चिटोऱ्यांमुळे. त्याने ती टिपणे लिहिली तेव्हा आठशे वर्षांनी ती कोणी वाचील असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. मांडव्याच्या लाँचचे तिकीट, उपाहारगृहाचे बिल, मिठाईच्या दुकानाचे वेष्टन यांत आजचा भाव, आजची लिपी, आजचा रिवाज बंदिस्त असतो.

तथापि गोळा करण्याला मर्यादा आहे, आणि ती मुलांस आधीच समजावून द्यावी. कबरस्तानातील दगडाचा तुकडा, पडक्या सिनॅगॉगची फरशी, जुने दिवे, जुने ग्रंथ यांस हात लावू नये. ती समाजाची ठेव आहे. शिवाय भारताच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. माती, बी-बियाणे व रोपे यांबरोबर किडी व रोग येतात, म्हणून विनापरवाना ती इस्राएलमध्ये आणता येत नाहीत. मग आजोबांच्या अंगणातील माती किंवा आंब्याचे पान आणावयाचे कसे? पानाचे चित्र काढून आणावे. पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरविली की शिरा न् शिरा उमटते. नाण्याचेही असेच ठसे घ्यावेत. मात्र कबरीच्या शिलालेखांवर ही रीत करू नये. जुना दगड ठिसूळ असतो व त्यास इजा पोचते. अक्षरे पाहून लिहून घ्यावीत.

"आम्हांला चित्र काढता येत नाही," ही तक्रार मोठी माणसेच अधिक करतात. शिक्षकाच्या प्रशिक्षणात आम्हांस फळ्यावर चित्रे काढावयास शिकवीत. तेथे सौंदर्याला गुण नव्हते. गाय गायीसारखी दिसावी आणि वर्गाचे लक्ष बसावे, एवढेच पाहिले जाई. प्रवासवहीतील चित्राचे प्रयोजनही तेच आहे. खिडकी काढावयास बसले की तिचे गज मोजावे लागतात. जिना काढावयास बसले की पायऱ्या मोजाव्या लागतात. छायाचित्रात गज आपोआप येतात, म्हणून ते कोणी मोजीत नाही. चित्र वाकडेतिकडे आले तरी पाहणे सरळ झालेले असते. आधी बाहेरची रेघ, मग मोठे भाग, मग एखादाच बारकावा, एवढा क्रम पाळावा आणि एका चित्रास पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. उंची-रुंदी वितीने व पावलांनी मोजून लिहावी. रंग जवळ नसल्यास देलाक्रवाप्रमाणे त्यांची नावे लिहावीत. नुसते 'हिरवा' लिहू नये. 'शेवाळी', 'पोपटी', 'कच्च्या कैरीसारखा' असे लिहावे.

प्रत्येक पानावर पाच गोष्टी याव्यात, असे मी विद्यार्थ्यांस सांगत असे : ठिकाण; तारीख, इंग्रजी व इब्री दोन्ही; पाहिलेली एक वस्तू; ऐकलेले एक वाक्य, ते कोणी उच्चारले त्याच्या नावासह; आणि एक मराठी शब्द, देवनागरीत व इब्री अक्षरांतही. शेवटच्या गोष्टीचा आग्रह अवश्य धरावा. आपल्या नातवंडांस मराठी समजते तितकी वाचता येत नाही, आणि कित्येकांस समजतही नाही. वीस दिवसांच्या प्रवासात 'पाटा', 'वरवंटा', 'विळी', 'पडवी', 'न्हाणीघर' असे वीस शब्द चित्रासह वहीत आले, तर ते विसरले जाणार नाहीत. वस्तू डोळ्यांपुढे असताना लिहिलेला शब्द मनात खोल रुजतो, हा शिक्षणशास्त्राचा जुना अनुभव आहे.

कोठे काय रेखाटावे याची थोडी दिशा देते. मुंबईत मांडवी भागात 1796 साली सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी स्थापिलेले शाआर हाराहामीम सिनॅगॉग आहे. 'जुनी मशीद' या त्याच्या नावावरूनच जवळच्या मशीद स्थानकास नाव मिळाले असे सांगतात. मुलाने स्थानकाची पाटी एका पानावर आणि सिनॅगॉगचे प्रवेशद्वार समोरच्या पानावर काढावे. अलिबागेस इस्राएल आळीत मागेन आबोथ आहे. तेथे हेखाल, तेबा, एलियाहु हन्नाबीची खुर्ची, स्त्रियांच्या बसण्याची जागा यांचा आराखडा पावलांनी मोजून काढता येईल. नवगावच्या किनाऱ्यावर, जेथे आपल्या पूर्वजांचे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्याची परंपरा आहे, तेथील स्मारक व त्यामागील माड रेखाटावे. सागाव-खंडाळे परिसरात एलियाहु हन्नाबीच्या घोड्याच्या टापांच्या व रथाच्या चाकांच्या खुणा ज्या खडकावर दाखवितात, तेथे मलिद्याचे ताट काढावे : पोहे, नारळाचा कीस, साखर, फळे, कोणती वस्तू ताटात कोठे मांडली आहे त्यासह. ही मांडणी प्रत्येक घराची थोडी निराळी असते आणि ती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

शब्बाथच्या दिवशी अर्थातच लिहिणे व रेखाटणे वर्ज्य आहे. ही अडचण न मानता अभ्यास मानावा. त्या दिवशी केवळ डोळ्यांनी पाहावे आणि हावदाला झाल्यावर कुटुंबाने एकत्र बसून दिवसभराचे स्मरणाने उतरवावे. एकास झुंबर आठवते, दुसऱ्यास हजानाचा सूर, तिसऱ्यास दाराशी काढलेली पादत्राणे. शिलालेखातून देवाचे पवित्र नाम उतरविले असेल, तर ते पान फाडून टाकू नये, एवढे मुलांस बजावावे.

एक प्रसंग मात्र बहुतेक कुटुंबांवर येतो. आजोबा ज्या घराचे वर्णन करीत ते घर तेथे नसते. ते विकले गेलेले असते, किंवा पडलेले असते, किंवा तेथे तीन मजली इमारत उभी असते. वडीलधारी माणसे हळहळून मागे वळतात आणि वही पिशवीतच राहते. अशा वेळी वही आवर्जून उघडावी. विहीर असेल तर विहीर काढावी. चौथरा, चिंच, गल्लीचे वळण, जे उरले असेल ते काढावे. मग आजोबांस जवळ बसवून विचारावे, "दार कोणत्या बाजूस होते? मेझुझा कोठे होती? तुळईवर काय ठेवीत?" त्यांच्या सांगण्यावरून तुटक रेघांनी घर पुरे करावे. डोळ्यांनी पाहिलेले ते सलग रेघेने, ऐकलेले ते तुटक रेघेने, असा नियम ठेवला म्हणजे खरे काय व आठवणीतील काय याचा गोंधळ होत नाही. शेजारचे आगरी, माळी, मुसलमान बांधव त्या घराविषयी काही सांगतील तर तेही त्यांच्या नावानिशी लिहावे. पुष्कळदा 'शनवार तेल्यां'च्या घराची आठवण आपल्यापेक्षा शेजाऱ्यांनीच अधिक जपलेली आढळते.

ज्यांना प्रकृतीमुळे वा पैशाअभावी भारतात जाणे शक्य नाही, त्यांनीही ही वही करावी. त्यांनी आठवणीतील गावचा प्रवास तुटक रेघांनी काढावा आणि प्रवासास निघालेल्या नातेवाइकाच्या हाती द्यावा. तो तेथे उभा राहून ताडून पाहील व जेथे जुळेल तेथे रेघ सलग करील. अशा रीतीने आजी लोदमध्ये बसून आणि नात रेवदंड्यास उभी राहून एकच पान पुरे करतील.

परत आल्यावर वही कपाटात ठेवून देऊ नये. प्रथम सर्व पानांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन कुटुंबातील दोन-तीन जणांकडे ठेवावी; कागदास आग, पाणी व हरवणे यांची भीती सदैव असते. नंतर एखाद्या मोएदच्या दिवसांत, मंडळी जमली असता, पाने उलटीत मुलाकडून ती समजावून घ्यावी. वडीलधाऱ्यांकडून दुरुस्त्या येतील : "ही आमच्या मावशीची विहीर नव्हे, ती पलीकडे", "मलिद्यात आम्ही वेलची घालीत असू." या दुरुस्त्या वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने, सांगणाऱ्याच्या नावासह त्याच पानावर लिहाव्या.

येत्या सुट्टीत जी कुटुंबे भारतास निघणार आहेत त्यांनी सामानाच्या यादीत एक जाड कागदाची वही व दोन पेन्सिली अवश्य लिहाव्यात. वह्या भरून आल्या, की समाजाच्या मेळाव्यात एका टेबलावर त्या मांडण्याची सोय करता येईल. निरनिराळ्या घराण्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या असता एकाच गावाची, एकाच आळीची किती घरे पुन्हा जोडली जातील हे पाहण्याची उत्सुकता आहे.